नाही म्हणायचंय, तेही इंग्रजीत
ऑफिसच्या कॉलवर आपली बरीच मंडळी नको असलेल्या कामालाही 'आय विल ट्राय' म्हणून मोकळी होतात, समोरचा अमेरिकन मॅनेजर तो होकार धरून तारीख लावून टाकतो आणि मग शनिवार-रविवार गेलाच कामात. एवढी हुशार माणसं, बघून खरंच वाईट वाटतं. सरळ म्हणा ना, 'आय वोन्ट बी एबल टू फिनिश धिस टुडे, बट आय कॅन सेंड इट बाय ट्यूजडे.' नकार आधी, पर्याय लगेच, घरातली सगळी हकीकत सांगत बसायची गरज नाही आणि सॉरी एकदाच पुरे. तरी आग्रह झालाच तर आवाज न चढवता तेच वाक्य परत म्हणायचं, असर्टिव्हनेसच्या, म्हणजे ठामपणे पण शांतपणे बोलण्याच्या ट्रेनिंगमध्ये याला ब्रोकन रेकॉर्ड म्हणतात, आणि फोनवर क्रेडिट कार्ड गळ्यात मारणाऱ्यांनाही ते बरोबर लागू पडतं.