हान सोलोला वूकींची भाषा कुणी शिकवली?

आमच्या शेजाऱ्यांनी या उन्हाळ्यात माळा साफ करायला काढला. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. उभी हयात पोस्टात गेली, टपाल वाटत नॉटिंगहॅमचे रस्ते पालथे घातले, आता गुडघे कुरकुरतात. जुन्या पुस्तकांचं एक खोकं कुंपणावरून माझ्या हातात देत म्हणाले, "तुझ्या पोरीला स्टार वॉर्स आवडतं ना? घे. नाहीतर उद्या हाय रोडवरच्या चॅरिटी शॉपमध्ये जाईल."

नॉटिंगहॅमला लागून असलेल्या आमच्या बीस्टनच्या हाय रोडवरच्या चॅरिटी शॉपांबद्दल एकदा स्वतंत्र लिहायला हवं. आमच्या घरातली निम्मी भांडी तिथली आहेत. पण आज त्या खोक्याबद्दल.

त्यात हान सोलोवरच्या कादंबऱ्या होत्या. सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी: 1977च्या पहिल्या सिनेमात हा माणूस आपल्याला भेटतो तोच एका कळकट गुत्त्यात. धंदा तस्करीचा, डोक्यावर कर्ज, जहाज खटारा पण वेगवान, आणि सोबतीला अंगभर केस असलेला सात-साडेसात फुटी चुबाका. हा चुबाका वूकी जमातीचा. हान कुठून आला, घरी कोण, यावर सिनेमा चकार शब्द काढत नाही. मग ती मधली वर्षं भरून काढायला सिनेमाच्या मालकांच्या परवानगीने इतरांनी कादंबऱ्या लिहिल्या. ब्रायन डेली या लेखकाने 1979 आणि 1980मध्ये तीन, आणि नंतर ए. सी. क्रिस्पिन या बाईंनी 1997-98मध्ये आणखी तीन.

डेलीची पुस्तकं म्हणजे निव्वळ पळापळ. आपल्याकडे एस.टी. स्टँडवर घ्यायची आणि गाव येईपर्यंत संपवायची, त्या जातीची. सिनेमातला नायक ल्यूक नाही, राजकन्या लेया नाही, काळा टोप घातलेला खलनायक व्हेडरही नाही. त्याने अवकाशाचा एक निराळाच कोपरा शोधला. तिथे ग्रहांवर राज्य करते एक कंपनी. तिचेच पोलीस, तिचाच तुरुंग आणि तिचाच हिशेब. हानचं बालपण वगैरे भानगडीत डेली पडतच नाही. सिनेमाच्या थोडंसं आधीचा हान उचलायचा, त्याला संकटात ढकलायचं आणि बाहेर काढायचं, एवढंच. मला ते फार आवडलं.

डेलीच्या पुस्तकात एक म्हातारा मजूर यंत्रमानव आहे. त्याच्या छातीतल्या पोकळीत ब्लू मॅक्स नावाचा एक चिमुकला, आगाऊ संगणक बसतो. शेजाऱ्यांच्या प्रतीत या म्हाताऱ्याचं नाव झॉलक्स. मला त्या तिन्ही कादंबऱ्या एकत्र हव्या होत्या म्हणून ऑनलाइन जुनी प्रत मागवली. ती अमेरिकेतून आली, आणि तिच्यात त्याच म्हाताऱ्याचं नाव निघालं बॉलक्स. छपाईची चूक असेल म्हणून कुंपणापाशी जाऊन मी शेजाऱ्यांना निरागसपणे विचारलं, "हे बॉलक्स की झॉलक्स?" बाजूच्या बागेतल्या बाई आत निघून गेल्या. शेजारी मात्र डोळे पुसेपर्यंत हसले.

इथे राहून इतकी वर्षं झाली तरी उच्चार ऐकून कळलं नाही, लिहिलेलं पाहून तर नाहीच. इंग्लंडात तो शब्द पुरुषाच्या एका नाजूक अवयवाचा आहे, आणि 'काहीतरी फालतू बरळू नकोस' या अर्थानेही सर्रास वापरतात. अमेरिकन लेखकाला त्याची काय फिकीर? इथल्या आवृत्तीत मात्र बारसं नव्याने करावं लागलं. शेजाऱ्यांनी मग अभिमानाने सांगितलं की या शब्दाचा खटला आमच्याच गावात चाललाय. नोव्हेंबर 1977मध्ये सेक्स पिस्टल्स या बँडच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो छापलेला होता, आणि ते मुखपृष्ठ काचेत लावलं म्हणून नॉटिंगहॅमच्या एका रेकॉर्डच्या दुकानाच्या व्यवस्थापकावर 1889च्या कायद्याखाली कारवाई झाली. बचावासाठी इथल्या विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक साक्षीला उभे राहिले. शब्द हजारेक वर्षं जुना आहे आणि एके काळी पाद्र्यांनाही त्याच नावाने चिडवत, असं त्यांनी सांगितलं. न्यायाधीशांनी नाखुशीने का होईना, व्यवस्थापकाला सोडून दिलं. म्हणजे शब्द कोर्टातून निर्दोष सुटला, आणि दोन वर्षांत बिचाऱ्या यंत्रमानवाचं नाव मात्र बदललं गेलं!

नायकाचं आधीचं आयुष्य मागाहून लिहायची खोड तशी या गावाला नवी नाही. किल्ल्याच्या भिंतीबाहेर रॉबिन हूडचा पुतळा आहे. त्याचा बाण इतक्या वेळा चोरीला गेलाय की पाहुण्यांना पुतळा दाखवताना मी आधी बाण आहे ना ते बघते. जुन्या पोवाड्यांतला रॉबिन साधा माणूस आहे, सरदार-बिरदार नाही. 1598मध्ये अँथनी मंडे नावाच्या नाटककाराने त्याला हंटिंग्डनचा अर्ल करून टाकलं. इस्टेट गेलेला खानदानी माणूस जंगलात गेला, असा पूर्वेतिहास त्याला चिकटला, आणि आज बहुतेकांना तोच खरा वाटतो.

क्रिस्पिनबाई या मंडेच्या वळणाच्या. त्यांना सगळं सांगायचं असतं. सिनेमात हान फुशारकी मारतो की केसेलची फेरी, म्हणजे तस्करांची एक अवघड वाट, आपण बारा पार्सेकच्या आत मारली. पार्सेक हे अंतराचं माप, साधारण 3.26 प्रकाशवर्षं. 'पुणे-सातारा मी नव्वद किलोमीटरमध्ये गाठलं' असं कुणी बढाईने सांगावं तसं हे. डोळे झाकून सोडून द्यायची गोष्ट. पण नाही. कृष्णविवरांच्या झुंडीला जितकं जवळून घासून जाल तितकी वाट कमी होते, असं स्पष्टीकरण बाईंच्या पुस्तकात आहे. हानने ते खटारा जहाज लँडो नावाच्या जुगाऱ्याकडून पत्त्यांच्या डावात जिंकलं, तो डावही सविस्तर. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी तर हान थेट त्या गुत्त्याच्या दारात येऊन उभा राहतो, म्हणजे पुस्तक मिटा आणि सिनेमा लावा. यातलं पुष्कळसं मला उगीच वाटलं. थापाड्याची थाप खरी ठरवली की तो माणूस थोडा खुजा होतो. पण एका गोष्टीसाठी बाईंना दंडवत. डेलीच्या कादंबऱ्यांना त्यांनी धक्का लावला नाही. त्या तीन साहसांएवढी जागा आपल्या गोष्टीत मोकळी सोडून त्या पुढे गेल्या. डेली तेव्हा हयात नव्हते, 1996मध्येच वारले होते. बाईही 2013मध्ये गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी, एप्रिल 2014मध्ये, या सगळ्या जुन्या कादंबऱ्या यापुढे दंतकथा समजाव्यात असं मालकांनी जाहीर केलं. 2018च्या सिनेमाने हानला निराळंच लहानपण दिलं.

तरीही माझ्यापुरतं बाईंचंच खरं, आणि ते एका स्वयंपाकिणीमुळे.

पहिल्या पुस्तकात हान अनाथ पोर आहे. एका लबाड माणसाच्या जहाजावर राबतो, चोऱ्या करतो, मार खातो. त्या जहाजावर ड्यूलाना नावाची वूकी बाई स्वयंपाक करते. ती त्याला जवळ करते, खाऊ घालते, आणि तिच्या मुदपाकखान्यात बसून तो तिची भाषा समजायला शिकतो. बोलता येत नाही, माणसाच्या घशातून ते आवाज निघत नाहीत. ती आपल्या भाषेत बोलते, तो आपल्या भाषेत उत्तर देतो, आणि दोघांचं अडत नाही. पुढे चुबाकाशी त्याचं जे चालतं, त्याचं मूळ हे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याला पळून जायला मदत करताना ती मरते. मी ट्राममध्ये वाचत होते, माझा स्टॉप गेला.

कारण आमच्या घरात हेच चालतं. सई नऊ वर्षांची आहे, जन्म इथला. तिला मराठी सगळं कळतं, अगदी मी आणि नवरा दबक्या आवाजात भांडत असलो तरी. पण उत्तर इंग्रजीत. सांगलीहून आई सहा महिन्यांसाठी आली होती. 'आजी, आय अ‍ॅम नॉट हंग्री' यावर 'हंग्री नाही म्हणजे काय, ताटात वाढलंय ते संपव' असा संवाद रोज व्हायचा आणि ताट रिकामं व्हायचं. आईला इंग्रजी येत नाही. मी मध्ये पडून भाषांतर करायला गेले की दोघी माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच परकी आहे. ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून सई कणकेचे गोळे करायची, आई शेंगदाण्याचं कूट करता करता माहेरच्या कुणाकुणाच्या भानगडी सांगायची. किती कळत होतं कोण जाणे. 'ती लीलामावशी वॉज राँग,' असं एकदा सई मला झोपताना म्हणाली, म्हणजे बरंच कळत असावं.

आई सप्टेंबरात परत गेली. मराठी वाक्यं काही सईच्या तोंडात बसली नाहीत. एक शब्द तेवढा बसला. शेजाऱ्यांचा बोका आमच्या कोथिंबिरीच्या कुंडीत शिरला की आई खिडकीतून ओरडायची, "मेल्या!" आता सई ओरडते, त्याच हेलात.

परवा शेजारी कुंपणाशीच होते. कौतुकाने विचारलं, याचा अर्थ काय? मला झॉलक्स आठवला. म्हटलं, "मित्रा."

तेव्हापासून कचऱ्याचा डबा बाहेर काढताना माझा नवरा दिसला की ते हात उंचावून म्हणतात, "मॉर्निंग, मेल्या!"