आमची वाटचाल : सोळा ब्लँकेटं आणि चार दोर

पुण्यात योगवर्ग काढला की लोक नकळत मापं लावतात. विटा, पट्टे, दोर अशा साधनांच्या आधाराने आसनं शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची संस्था 1975 पासून या शहरात आहे. इथला नवखा साधकही 'वीट कुठे ठेवू?' असं विचारतो. म्हणून आम्ही पाटीआधी साहित्य घेतलं : सोळा सुती ब्लँकेटं, लाकडी विटा, बकलचे पट्टे, भिंतीत चार दोर, पाठीचा पत्रा काढलेल्या घडीच्या खुर्च्या.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग आमच्याकडेच शिकून गेलेल्या एकाने दोन गल्ल्या सोडून एसी आणि संगीत लावून वर्ग काढला, आमच्याच साधकांना फोन करकरून निम्मी फी सांगितली. पस्तिसातले अकरा उरले. दोन महिन्यांचं भाडं थकलं. ते शल्य अजून आहे. घाबरून आम्हीही तसंच शिकवू लागलो : मोठा आवाज, न थांबता सूचना, सोबत स्वतः आसन. पण शिक्षक त्रिकोणासनात वाकला की समोरच्यांचे गुडघे त्याला दिसत नाहीत.

जागं केलं एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. सर्वांगासनात, म्हणजे खांद्यांवर तोल घेऊन पाय सरळ वर नेतात त्या आसनात, त्यांची मान दुखली, तेव्हा एवढंच म्हणाले, "ताई, आज तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही."

त्यांची ब्लँकेटं विस्कटली होती. खरी मांडणी अशी : चार ब्लँकेटं एकावर एक, घडीची गुळगुळीत कड मानेकडे, खांदे कडेपासून दोन बोटं आत, डोकं खाली जमिनीवर. पट्टा कोपरांच्या जरा वर, खांद्यांइतका रुंद. गळा ताठला, चेहरा लाल झाला की लगेच उतरवायचं; वर असताना मान वळवू द्यायची नाही. रक्तदाब वाढलेला असेल किंवा काचबिंदू असेल तर सर्वांगासन नाहीच, आणि हे पहिल्याच दिवशी विचारायचं.

त्या दिवसापासून आसन एकदाच करून दाखवतो, मग फिरतो. नव्या शिक्षकांनीही एका वेळी एकच सूचना द्यावी आणि दोन श्वास बघत राहावं. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकवायच्या हट्टाने छाती खाली वळते. तिथे पावलाच्या बाहेर वीट उभी करावी, हात तिच्यावर. उत्तर येत नसेल तर 'बघून सांगते' म्हणावं. बघायला लागलो तसा आमचा आवाज आपोआप खाली आला, आणि सूचना पाठ करायची गरज उरली नाही.

काका अजून येतात. वर्ग सुटला की सोळाही ब्लँकेटांच्या घड्या घालतात, आणि कड तिरकी राहिली तर मान तिरकी होते हे नव्यांना तेच सांगतात.