दिवाडीचं चर्च : बेळगावातून जायचं तर नार्व्यावरून

बेळगावातून दिवाडी बेटावर जाणारे बहुतेक जण जुन्या गोव्याच्या गर्दीत शिरून फेरीबोट धरतात. त्याची काही गरज नाही. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, मग केरी, साखळी, डिचोली आणि नार्वे. तिथूनही बेटावर फेरीबोट जाते. साधारण शंभर किलोमीटर, तीन तास धरा.

नार्व्याचा सप्तकोटेश्वर आधी बघून घ्या. मूळ देऊळ पलीकडे बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडलं, देव नदी ओलांडून इकडे आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला.

फेरीत पायी माणसाला तिकीट नाही. ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि त्यावर बुळबुळीत शेवाळ असतं. दुचाकीवर मागे बसलेल्याला उतरवा, पुढचा ब्रेक करकचून दाबू नका. भरलेल्या कारचा तळ बोटीच्या फळीला घासतो, तेव्हा माणसं आधी खाली.

पियेदादचं चर्च टेकडीवर आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. समोर मांडवीपल्याड जुनं गोवं दिसतं. शेजारच्या दफनभूमीतलं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, मात्र चुकवू नका, त्यात कदंबकालीन देवळाचा भाग शिल्लक आहे. आपल्या हलशीचं भूवराह नरसिंह देऊळ याच गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, त्यामुळे खानापूरकडच्या माणसाला इथं जास्त वेळ लागणार. दुपारी चर्चला कुलूप असतं, सकाळीच पोचा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, कोकणीत. चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फोटो नंतर. प्रसाद समजून कोमुन्यांवच्या, म्हणजे पवित्र भाकरी घेण्याच्या, रांगेत उभं राहू नका, ते कॅथलिकांसाठीच असतं.

टेकडी उतरलात की खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठी बांध घालून केलेली शेती, बघा. आपण भातात पाणी अडवतो, इथं खारं पाणी बाहेर ठेवायची धडपड. बांधात मानस असतं, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीच्या रेट्यानं झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. खेकड्यांनी बांध पोखरला की खार आत शिरते आणि पावसानं जमीन धुऊन निघेपर्यंत पीक गेलंच म्हणायचं.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा असतो. निशाणांचा तो उत्सव बघण्यासारखा, पण चर्च निवांत बघायचं असेल तर तो दिवस टाळा. पावसाळ्यात परतीची फेरी चारच्या आत धरा, चोर्ल्याच्या धुक्यात अंधार पडल्यावर समोरचा ट्रकही दिसत नाही.