पाव आण्याचं कार्ड आणि शनी अमावास्या

मे महिन्यात मी अकरा पानांचं एक टिपण केलं होतं. मांत्रिकांचं गुप्त मंडळ, त्यांच्या सिद्धीच्या सात पायऱ्या, मूठ कोण मारू शकतो, ती कोण परतवू शकतो, सगळं तपशीलवार. आम्ही पाच जणांनी पत्रांचा खेळ खेळायचा, प्रत्येकानं एकेक मांत्रिक व्हायचं आणि एकमेकांना हातानं लिहिलेली पत्रं पाठवत गोष्ट पुढं न्यायची, अशी कल्पना. शेवट कोणालाच माहीत नसणार. टिपण ग्रुपवर टाकलं. चौघांनी अंगठे दिले, वाचलं कोणीच नाही.

पहिली बैठक रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉलवर झाली. आतोबा तेव्हा आमच्याकडं डोंबिवलीला आले होते आणि माझ्या शेजारीच पेपर घेऊन बसले होते. ते टपालखात्यात सॉर्टर होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. अर्धा तास आमचं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "अगं, पण पत्र पोचायला किती दिवस लागतात?"

मी म्हटलं, "तसं काही नाही हो आतोबा, लिहिलं की पोचलं असं धरायचं."

"मग फोनच करा की."

त्या रात्री जादूचे नियम ठरवायला बसलो होतो, उठलो ते टपालाचे ठरवून. अकरा पानांतली पावणेअकरा गेली. थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही.

आधी काळ ठरवायला हवा होता, कारण काळ ठरल्याशिवाय टपाल कसलं? मावसभावाला खग्रास ग्रहणांचं वेड आहे. त्यानं २२ जानेवारी १८९८ ची तारीख काढली. त्या दिवशी खग्रास पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून आत शिरला होता. विजयदुर्गाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर दुर्बिणी लावून बसला होता आणि सोलापूरच्या वाटेवर जेऊरला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ नायगमवाला आपली माणसं घेऊन गेले होते. (विजयदुर्गाला गेलात की हेलियम इथंच सापडला असं हमखास ऐकायला मिळतं. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा दिसली ती १८६८ ला, तेव्हा लॉकियर इंग्लंडातच होता. किल्ल्यावर तो आला तीस वर्षांनी, या ग्रहणाला. मावसभाऊ हे दर भेटीत सांगतो, म्हणून इथंही सांगून टाकते.) मग भाचीनं वार काढला. शनिवार. शके १८१९, पौष अमावास्या, शनिवार, भर दुपारी जवळजवळ दोन मिनिटं अंधार! ग्रहणकाळात मंत्र सिद्ध होतो असं मानणाऱ्या पाच माणसांना याहून जास्त काय हवं? एका बाजूला गोऱ्या लोकांच्या दुर्बिणी, दुसऱ्या बाजूला आमची मंडळी, दोघांनाही तीच दोन मिनिटं हवीत. गोष्ट आयती मिळाली.

शिवाय पुण्या-मुंबईत प्लेग. मुंबईत तो १८९६ च्या सप्टेंबरात उघड झाला, पुढच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला, गाड्यांत प्रवाशांची तपासणी सुरू झाली. म्हणजे माणसाला हलणं अवघड, पत्राला त्या मानानं सोपं. पत्रांच्या खेळाला आणखी कारण शोधावं लागलं नाही.

पात्रं अशी वाटली गेली. मी पुण्यातल्या कचेरीतला कारकून. मावसभाऊ विजयदुर्गचा म्हातारा, मंडळाचा मुख्य. कोल्हापूरची मैत्रीण वेंगुर्ल्याची विधवा बाई. पणजीचा मित्र गोव्यातला, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीतला. एकोणीस वर्षांची भाची जेऊरच्या तळावर भांडी घासणारा पोरगा. मंडळाला नाव द्यायचं नाही असं ठरलं. पत्रात नुसतं 'आपली मंडळी' म्हणायचं. 'आपली मंडळी सुखरूप आहेत' या वाक्यात कोणाला काय दिसणार?

टपालमास्तर अर्थात आतोबा. आम्ही सगळी पत्रं त्यांच्या पत्त्यावर टाकायची, ते ठरल्या हिशोबानं अडवून ठेवणार आणि मग पुढं पाठवणार. त्यांनी वहीच्या मधल्या जोडपानावर तक्ता आखला. पुणे-जेऊर रेल्वेनं एक दिवस, वेंगुर्ला-मुंबई आगबोटीनं चार, गोव्याहून काहीही आलं की हद्दीपायी दोन जास्त. पणजीचा मित्र यावर अजून कुरकुरतो. पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणून खेळ दसऱ्यापासून ग्रहणापर्यंत. रोज संध्याकाळी फासा टाकायचा, एक पडला तर त्या दिवशीचं टपाल निघणार नाही. कारण सांगायचं नाही. प्लेग असेल, वादळ असेल, नाहीतर पत्र कोणी दाबलं असेल. ज्याला पत्र मिळालं नाही त्यानं आपापली शंका घ्यायची.

खेळताना फोनवर खेळाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हाही नियम झाला. आणि दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. 'आपण त्या रात्री आला नाहीत' हे मी लिहू शकते, 'आपण घाबरून पळालात' हे नाही. पळाला की नाही, ते ज्याचं त्यानं आपल्या पत्रात कबूल करावं किंवा करू नये.

मग चाचणी म्हणून प्रत्येकानं एकेक पत्र टाकायचं ठरलं. १८९८ मध्ये पोस्टकार्ड पाव आण्याला मिळायचं (आपल्याकडं कार्ड १८७९ पासून आहे), आज पन्नास पैशांना मिळतं. मावसभावानं हौसेनं कार्ड लिहिलं आणि आतोबांना वगळून थेट माझ्या पत्त्यावर टाकलं. मी ऑफिसात. कार्ड पडलं सासूबाईंच्या हातात. मजकूर असा:

'शनी अमावास्येस सूर्य गेला की किल्ल्याखाली जमावे. पोथी व पोरास सोबत आणणे. विलंब नको.'

खाली सही नाही, वर 'श्री' नाही.

सासूबाईंनी आधी माझ्या नवऱ्याला फोन केला. "तुझी बायको शनिवारी कुठं जाते रे?" मग मला. मी घरी पोचेपर्यंत कार्ड देवघरातल्या ताम्हनाखाली उलटं घालून ठेवलं होतं. मी सगळं समजावून सांगितलं. त्या गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वर श्री नाही ते पाहिलंस का? आमच्या वेळी कोणी गेल्याच्या पत्रावर श्री घालत नसत. मी आधी तेच समजले. नंतर पोराचं वाचलं आणि हातपायच गळाले."

उघड्या कार्डावर काय लिहू नये हे आम्हाला असं कळलं. कार्डावर फक्त आंबे, असं ठरलं. ग्रहणाला मोहोर म्हणायचं, पोथीला कलम, दुर्बिणीवाल्यांना माकडं. 'यंदा मोहोर वेळेवर आहे, माकडांचा त्रास फार' असं कार्ड कोकणातून कोणीही कोणालाही पाठवील. खरा मजकूर बंद पाकिटात.

कोल्हापूरच्या मैत्रिणीनं मात्र हा प्रसंग हसण्यावारी नेला नाही. ती अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करते. खेळात यायलाच ती काचकूच करत होती. "दोन ओळींत तुझ्या सासूबाईंना नरबळी दिसला," ती म्हणाली, "त्यांना उगीच नाही दिसला. आपल्याकडं त्याविरुद्ध कायदा करावा लागलाय." २०१३ चा कायदा. त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्टला खून झाला, मग काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा. बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या बातम्या ती आम्हाला वाचून दाखवायला लागली, तेव्हा माझ्या सात पायऱ्या मलाच पोरकट वाटल्या.

तिच्या अटी दोन. मंत्रानं प्लेग बरा होणार नाही, कोणाचाच, कधीच. आणि पत्रात जो चमत्कार येईल, त्याचं एखादं साधं कारणही त्याच पत्रात कुठंतरी पडलेलं असलं पाहिजे. लिहिणाऱ्याला ते दिसत नसेल, वाचणाऱ्याला दिसावं. मावसभाऊ कुरकुरला, मजा जाईल म्हणाला. उलट झालं. त्याच्याच चाचणी पत्रात म्हाताऱ्यानं मंत्र म्हणताच दिवा हिरवा होतो. दोन परिच्छेद आधी सून दिव्याजवळ मिठाची बरणी ठेवते. मिठानं ज्योत पिवळीच होते हे भाचीनं लगेच सांगितलं. तेव्हा त्यानं मीठ काढून मोरचूद घातला. आता ते पत्र वाचताना सून मला म्हाताऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

सगळ्यात वेळ खाल्ला मायन्यानं. हे मी धरलंच नव्हतं. कोण कोणाला काय म्हणतो यावर पाच जणांची अख्खी संध्याकाळ गेली. म्हाताऱ्याला मी 'तीर्थरूप' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या (त्या आता बैठकीला बसायला लागल्या होत्या), "तो काय तुझा बाप आहे? तीर्थस्वरूप लिही." बरोबरीच्यांना 'राजमान्य राजश्री'. जेऊरचा पोरगा मंडळात माझ्याहून वरच्या मानाचा, पण वयानं चौदाचा. त्याला 'चिरंजीव' लिहिलं तर मंडळाचा अपमान, 'तीर्थस्वरूप' लिहिलं आणि पत्र कोणी फोडलं तर भांडीवाल्या पोराला असा मायना का, म्हणून बिंग फुटणार. शेवटी वर 'चिरंजीव' आणि शेवटी 'साष्टांग नमस्कार' असं ठरलं. चिरंजीवांना कोणी साष्टांग घालत नाही. ज्याला कळायचं त्याला त्यातून कळेल. वेंगुर्ल्याच्या बाईला 'गंगाभागीरथी' लावावं लागणार, यावर मैत्रीण आधी चिडली, मग तिनंच ते हत्यार केलं. गं. भा. म्हटलेल्या बाईच्या पत्राकडं कोण बघतंय? म्हणून मंडळाची सगळी नाजूक पत्रं तिच्याच मार्फत फिरणार.

मोडीत लिहायचा बेत सोडावा लागला. भाचीला येते, पण एक पान लिहायला संध्याकाळ जाते आणि आम्हा बाकीच्यांना ते वाचायला आठवडा. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, त्यामुळं आधी शब्द तोडायचा कुठं इथूनच भांडण. पण मोडीमुळं नारायणराव पेशव्यांची गोष्ट निघाली. 'धरावे'चं 'मारावे' केलं ती. खरं-खोटं इतिहासकार जाणोत. तिच्यावरून आमचा शेवटचा नियम झाला, 'ध चा मा'. प्रत्येकाला संपूर्ण खेळात एकदा दुसऱ्याच्या पत्रातलं एक अक्षर बदलता येईल. आतोबांना गुपचूप सांगायचं. ते ब्लेडनं शाई खरवडतात आणि त्याच शाईनं नवं अक्षर बसवतात.

चाचणीत हे करून पाहिलं. मैत्रिणीनं मला लिहिलं होतं, 'पोथी जपावी.' माझ्या हातात आलं तेव्हा होतं, 'पोथी जळावी.' मी दोन दिवस हिला काय झालंय याचा विचार करत बसले. मग सहज ट्यूबलाइटसमोर कागद धरला. 'ळा'पाशी तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ झाला होता. म्हणजे उजेडात धरून पाहणाऱ्याला फसवणूक पकडता येते. हे आम्ही ठरवलं नव्हतं, ब्लेडमुळं आपोआप झालं. तसंच ठेवलं.

दसरा परवा आहे. माझं पहिलं पत्र तयार आहे. शेवटची ओळ होती, 'ग्रहणास किल्ल्यावर यावे.' पाकीट चिकटवताना लक्षात आलं, 'या'चा 'जा' करायला कितीसा वेळ लागतो? ओळ खोडून पान नव्यानं लिहिलं, 'ग्रहणास किल्ल्यावर हजर असावे.' सासूबाईंना वाचून दाखवलं.

त्या जरा वेळ ओळीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "'असावे'चं 'नसावे' होतं की गं."

तिसरं पान घेतलंय.