तारा बाजूला सरकेपर्यंत

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात सूक्ष्मभिंगाने, म्हणजे एका ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखा दुसऱ्याचा प्रकाश वाढवल्यामुळे, सापडलेल्या ग्रहांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "जो ग्रह कुणी पाहिलेला नाही, पुन्हा कधी सापडणारही नाही, त्याचं वजन चौदा पृथ्वींएवढं हे कळलं कसं? काटा कुठे लावलात?" प्रश्न खवचटपणे विचारलेला असो की भाबडेपणाने, बोट नेमक्या जागी असतं. कारण ग्रह सापडतो त्या दिवशी त्याचं वजन बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं.

हे ग्रह शोधायचे ते मुख्यतः धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या मध्याजवळच्या गजबजलेल्या फुगवट्यात. पोलंडचा 'ओगल' प्रकल्प चिलीतून आणि 'मोआ' न्यूझीलंडमधून तिथल्या कोट्यवधी ताऱ्यांची तेजस्विता सतत नोंदवत असतात. (आपल्याकडे धनू रात्रभर दिसण्याचे दिवस जून-जुलैचे, म्हणजे ती असते ढगांच्या वर!) कधीतरी एक तारा दुसऱ्याच्या अगदी समोरून जातो. पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्याचा प्रकाश वळतो, काही आठवडे तो जास्त तेजस्वी दिसतो आणि मग पूर्ववत होतो. पुढच्या ताऱ्याला ग्रह असेल तर त्या चढउतारात काही तासांचा किंवा दिवसाचा एखादा छोटा उंचवटा उमटतो.

त्या उंचवट्यातून मिळतं ते फक्त गुणोत्तर: ग्रहाचं वस्तुमान आपल्या ताऱ्याच्या कितव्या हिश्श्याएवढं आहे. पगाराच्या किती टक्के भाड्यात जातात ते कळलं, पगार कळला नाही, अशातली गत. आणि ज्याचा 'पगार' हवा तो तारा बहुधा मंद असतो, वर मागच्या ताऱ्याला इतका चिकटलेला की दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो.

मग करायचं काय? थांबायचं. दोघांचे वेग वेगळे आहेत, ते हळूहळू एकमेकांपासून दूर जाणारच.

माझं आवडतं उदाहरण ओगलच्या ओगल-२००५-बीएलजी-१६९ या नोंदीचं. २००५ च्या वसंतात मागचा तारा साधारण ८०० पट उजळला आणि त्या शिखरावर ग्रहाची खूण सापडली. तेव्हाचा अंदाज होता की यजमान तारा (ज्याच्याभोवती ग्रह फिरतो तो पुढचा तारा) सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचा असेल, पण त्यात दोन्हीकडे चुकीला भरपूर वाव होता. साडेसहा वर्षांनी, २०११ मध्ये, अवकाशातल्या हबल दुर्बिणीने तिथे पाहिलं. दोन तारे वर्षाला ७.४ मिलिआर्कसेकंद या गतीने दूर जात होते. चंद्रावर १४ मीटर अंतरावर उभे असलेले दोन जण पृथ्वीवरून पाहिले तर त्यांच्यात तेवढा कोन होईल. साडेसहा वर्षं साठूनही हा कोन हबलच्या कॅमेऱ्याच्या जेमतेम एका पिक्सेलएवढा. म्हणजे दोन सुटे ठिपके नाहीतच, एक किंचित लांबट ठिपका. हबलला वातावरणाची थरथर नसल्यामुळे तिथे एकट्या ताऱ्याचा ठिपका कसा दिसावा हे नेमकं माहीत असतं, म्हणून तो लांबटपणा खरा मानता येतो. २०१३ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीने, वातावरणाची थरथर भरून काढणारा लवचिक आरसा वापरून, दोघांना स्पष्ट वेगळं दाखवलं.

आता काटा. सरकण्याच्या गतीतून भिंगाचा कोन (भिंगाचा प्रभाव आकाशात किती पसरतो ते) मिळतो, आणि त्यातून ताऱ्याचं वस्तुमान व अंतर यांचं एक समीकरण. ताऱ्याच्या तेजस्वितेतून दुसरं समीकरण. अज्ञातं दोनच, तेव्हा उत्तर सुटतं: तारा सूर्याच्या सुमारे ०.७ पट, अंतर १३ हजार प्रकाशवर्षांच्या आसपास, ग्रह वजनाने युरेनसएवढा, म्हणजे ते चौदा पृथ्वींएवढं वजन. मला जास्त मोलाचं वाटतं ते दुसरंच. ताऱ्यांचा वेग ग्रहाच्या खुणेवरून आधी बांधलेल्या अंदाजाशी जुळला, म्हणजे ती खूण ग्रहाचीच होती.

नेहमी इतकं सुरळीत होत नाही. मोआ-२००८-बीएलजी-३१० च्या जागी जास्तीचा प्रकाश दिसत होता, तो यजमानाचाच असावा असं वाटत होतं. खगोलशास्त्रज्ञ अपर्णा भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी हबलच्या २०१२ आणि २०१४ च्या प्रतिमा ताडून पाहिल्या, तर तो तारा चुकीच्या गतीने चालला होता. तिऱ्हाईतच निघाला. एकाच प्रतिमेवर भिस्त ठेवली असती तर ग्रहाचं वजन दुसऱ्याच ताऱ्यावरून काढलं गेलं असतं.

कधी कधी तर तिथे काहीच दिसत नाही. मोआ-२०१०-बीएलजी-४७७ च्या बाबतीत केकने काही वर्षांनी पाहिलं, तर तिथे कोणीच नाही; साधा तारा असता तर दिसलाच असता. न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर म्हणावं, तर भिंगाच्या गणितात तेवढं वस्तुमान बसत नव्हतं. उरला श्वेतबटू (मेलेल्या ताऱ्याचा मागे राहिलेला छोटा, मंद गाभा), आणि त्याच्याभोवती गुरूहून थोडा जड ग्रह.

एकेका ताऱ्यासाठी हबलचा वेळ मागणं ही चैन आहे. नासाच्या रोमन या अवकाश दुर्बिणीचा आरसा हबलएवढाच, २.४ मीटरचा, पण एका वेळी दिसणारं आकाश निदान शंभरपट मोठं. फुगवट्याकडे ती दर १२ मिनिटांनी परत परत पाहणार आहे, सहा हंगाम. हे हंगाम सलग न घेता काही सुरुवातीला आणि काही शेवटाकडे ठेवले आहेत, मध्ये काही वर्षांचं अंतर. त्याचं एक कारण हेच: तेवढ्यात तारे सरकायला हवेत.