दिवे कधी तोट्यात जातात का?

मुंबईची बस आणि शहर भागातली वीज सांभाळणारी बेस्ट तोट्यात आहे, हे मुंबईकर इतकी वर्षे ऐकत आला आहे की त्याबद्दल आता कोणाला काही विचारावेसेही वाटत नाही. मला मात्र महापालिकेच्या अर्थसंकल्पाचे दिवस आले की दर वर्षी हाच प्रश्न पडतो, की रस्त्यावरचे दिवे तोट्यात चालले आहेत, अशी तक्रार आजवर कोणी केली आहे का? दिव्याखालून जाणाऱ्याकडून कोणी पैसे घेत नाही. विजेचे बिल, गंजलेले खांब, बंद पडलेले दिवे या सगळ्याचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडतो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. त्याच दिव्याखाली थांबणाऱ्या बसचा खर्च तिकिटांतून निघाला नाही, की लगेच मार्ग बंद करण्याची भाषा सुरू होते.

मुंबईत हा भेद अधिकच खटकतो, कारण येथे दिवा आणि बस एकाच घरात वाढले. शहरात गॅसचे दिवे १८६५ मध्ये आले. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळले खरे, पण ते काम घेतलेली खासगी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे लागले. आजच्या बेस्टचे मूळ असलेली कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली आणि तिच्याकडे वीज आणि ट्राम ही दोन्ही कामे होती. १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली, १९२६ मध्ये बस आली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने हा सगळा कारभार स्वतःच्या ताब्यात घेतला. आजही कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीजपुरवठा आणि रस्त्यांवरील दिवाबत्ती बेस्टकडे आहे. उपनगरांत ते काम इतर वीज कंपन्या पाहतात, बस मात्र सगळीकडे बेस्टचीच.

या एकत्र कुटुंबाचा व्यवहार अनेक दशके सरळ होता. वीज विभाग कमवत असे आणि त्या शिलकीवर वाहतूक विभागाचे भागत असे. २००३ चा वीज कायदा आल्यानंतर वीजदराचा हिशेब वीज नियामक आयोगापुढे काटेकोरपणे मांडावा लागू लागला. काही वर्षे आयोगाच्या परवानगीने वाहतुकीची तूट वीजबिलांतून वसूल होत होती, पण नंतर तीही वाट बंद झाली. विजेच्या ग्राहकाने बसचा भार का उचलावा, हा आक्षेप मला चुकीचा वाटत नाही. मग तो कोणी उचलावा, याचे उत्तर मात्र ठरलेच नाही, आणि तेव्हापासून बेस्ट दर वर्षी महापालिकेच्या दारात अनुदानासाठी उभी असते.

कायद्यातही हा दुजाभाव आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यानुसार रस्त्यांवरील दिवाबत्ती हे बंधनकारक कर्तव्य आहे. राज्यातील इतर महापालिकांसाठी असलेल्या १९४९ च्या कायद्यात तर दिवाबत्ती बंधनकारक कामांत आणि सार्वजनिक वाहतूक ऐच्छिक कामांत, अशी विभागणीच केलेली आहे. त्या काळात ते समजण्यासारखे होते. रोज लाखो लोक ज्या बसने कामावर जातात, ती आज ऐच्छिक कशी मानायची?

आता पार्किंगकडे येतो, कारण खरे पाणी तेथेच मुरते आहे. एका मोटारीला उभे राहायला साधारण १२ चौरस मीटर जागा लागते; म्हणजे रस्त्याकडेला दोन मोटारी लागल्या, की झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणाऱ्या ३०० चौरस फुटांच्या घराच्या जवळपास जागा अडते. मुंबईसारख्या शहरात ही जमीन बहुतेक गल्ल्यांमध्ये फुकट वापरली जाते, आणि त्या न मिळालेल्या भाड्याला कोणी तूट म्हणत नाही.

आमच्या भागातल्या एका बस थांब्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास हे सगळे एका नजरेत दिसते. थांब्याच्या पुढेमागे मोटारी लावलेल्या असतात, त्यामुळे बस कडेला येऊच शकत नाही आणि रस्त्याच्या मध्येच उभी राहते. पिशव्या सांभाळत आलेल्या आजी पदपथावरून उतरतात, दोन बंपरांमधून अंग चोरून बाहेर येतात आणि मागून येणाऱ्या दुचाकीला हात दाखवत बसची पायरी गाठतात. डोक्यावर दिवा अगदी लख्ख असतो, खांबावर क्रमांकही नीट रंगवलेला असतो. दिवा बंद पडला तर तो क्रमांक सांगून तक्रार करता येते. थांबा बंद पडल्यासारखाच आहे, ही तक्रार कोणाकडे करायची? वाहनतळाचे कंत्राट महापालिका देते, दंडाची पावती वाहतूक पोलीस फाडतात आणि बस बेस्टची.

पार्किंग आणि बस हे दोन धागे एकदा जवळ आले होते. ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात रस्त्यावर मोटार लावल्यास १० हजार रुपये दंड आकारायला सुरुवात केली आणि त्यानंतर दोनच दिवसांनी बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवर आले. एका हाताने रस्ता मोकळा करायचा आणि दुसऱ्या हाताने बस स्वस्त करायची, यापेक्षा शहाणपणाची जोडी मी या शहरात पाहिलेली नाही. पण दंडाची मोहीम ओरड होताच थंडावली, आणि स्वस्त भाडे टिकवायला लागणारा पैसा पार्किंगमधून उभा करण्याचा विचार पुढे सरकलाच नाही. बेस्टच्या स्वतःच्या बस हजाराच्या खाली गेल्या, उरलेला गाडा कंत्राटदारांच्या बसवर चालू लागला आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे १० रुपये झाले, वातानुकूलित बसचे १२.

जुन्या चाळीत राहणाऱ्या टॅक्सीवाल्याने गाडी कोठे ठेवावी, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला सवलतीचा परवाना द्यावा लागेल. परंतु इमारतीत स्वतःची जागा असताना दुसरी मोटार रस्त्यावर लावणाऱ्याकडून मासिक शुल्क घेण्यात मला कोणताही अन्याय दिसत नाही. ते शुल्क थेट त्याच विभागातल्या बसफेऱ्यांसाठी राखून ठेवावे आणि सुरुवात बस थांब्यांपासून करावी: प्रत्येक थांब्याला दिव्याच्या खांबासारखा ठळक क्रमांक द्यावा, त्याच्या दोन्ही बाजूंना एका बसच्या लांबीइतका रस्ता रंगवून मोकळा ठेवावा आणि तो अडला की त्या क्रमांकावर तक्रार नोंदवून गाडी उचलण्याचे काम एकाच विभाग कार्यालयाकडे सोपवावे.