काळी चारचं गिऱ्हाईक

चित्रकारांची मुंबई दाखवणाऱ्या गाइडचा मला हेवा वाटतो. काळा घोडा म्हटलं की त्यांचं अर्धं काम झालेलंच असतं. 1952 सालची जहांगीर आर्ट गॅलरी जागेवर उभी आहे, जवळच कावसजी जहांगीर हॉलमध्ये आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, फुटपाथवर चित्रं मांडलेली असतात, आणि पाहुणे कंटाळलेच तर फोटो काढायला बिनस्वाराचा घोडा आहे. माझा वॉक गाण्याचा. ऑपेरा हाउस, केनेडी ब्रिज आणि पुढे गिरगाव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानी संगीतातली किती तरी मोठी माणसं या एवढ्याशा पट्ट्यात राहिली, शिकली, शिकवून गेली. पण त्यातलं आज दाखवायचं काय? जिना, गॅलरी आणि कुलूप घातलेलं दार. पाहुणे भाविकपणे कुलपाचा फोटो काढतात आणि मला ओशाळल्यासारखं होतं.

गट मी आठ जणांच्या वर घेत नाही. गिरगावातला फुटपाथ त्याहून जास्त माणसं सहन करत नाही, आणि चाळीच्या तोंडाशी घोळका उभा राहिला की वरून कुणी तरी ‘काय पाहिजे?’ विचारणारच. त्या रविवारी सहा जण होते. पुण्याचे काका-काकू, आर्किटेक्चरच्या दोन मुली, डोंबिवलीच्या एक निवृत्त शिक्षिका आणि मिरजेचा एक तरुण. त्याने आदल्या आठवड्यात फोन केला होता.

“मला दिसत नाही. म्हणजे अजिबातच नाही. जमेल का?”

“चालता येतं ना?”

“तुमच्याइतकं येत असावं.”

“मग या.”

बँकेत नोकरी, बदली होऊन मुंबईत आलेला, तबल्यात विशारद. एवढीच माहिती. सकाळी साडेसातला ऑपेरा हाउससमोर काठी हातात घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. बाकीच्यांशी ओळख झाली आणि पुण्याच्या काकांनी लगेच त्याचा दंड धरला. त्याने हसत तो सोडवून घेतला आणि आपला हात काकांच्या कोपरावर ठेवला. “काका, तुम्ही पुढे चला, मी मागे येतो. असं सोपं जातं.” काका जरा वरमले, पण पुढे दीड तास त्यांनी ते काम चोख केलं. खड्डा, पायरी, गाय, सगळं वेळेवर सांगत होते.

रॉयल ऑपेरा हाउसपाशी माझं बोलणं ठरलेलं असतं. 1911 साली पाचव्या जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन, तेही बांधकाम पुरं व्हायच्या आत. पुढे सिनेमा, नव्वदच्या दशकात टाळं, 2016 साली पुन्हा पडदा वर गेला. मग दर्शनी भागावरचं नक्षीकाम. पाहुणे माना वर करतात, मी दम खाते. त्या दिवशी मान वर गेलेली असतानाच प्रश्न आला.

“आत शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचं का?”

हे मला कुणी विचारलं नव्हतं. उत्तर मात्र माहीत होतं. आतलं छत बांधतानाच वरच्या गॅलरीतल्या प्रेक्षकाचा विचार केलेला आहे, रंगमंचावरचा शब्द त्याच्यापर्यंत पोचावा म्हणून. या थिएटरात बालगंधर्व गायले, दीनानाथ मंगेशकर गायले. नट पल्ल्याचा आवाज कमवायचे आणि वास्तू त्यांना साथ करायची. मग ओघानेच ध्वनिमुद्रणाकडे गाडी वळली. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानने ध्वनिमुद्रिका केल्या तेव्हा समोर मोठा भोंगा असायचा. त्यात आवाज सोडायचा, तीन मिनिटांच्या आसपास सगळा राग उरकायचा आणि शेवटी आपलं नाव पुकारायचं. विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं ते 1925च्या सुमाराला. त्यानंतर हळू आवाजात गाणाऱ्याचीही सोय झाली.

“म्हणजे आमचे निम्मे गायक त्या सालानंतरचे,” पुण्याचे काका म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. घरात कुणी तरी गात असावं.

तिथून त्या तरुणाचे प्रश्न थांबेनात. रस्ता केवढा रुंद? तेव्हा ट्राम होती का? वर्ग कितव्या मजल्यावर, खिडकी रस्त्यावर की मागच्या अंगाला? देवधर मास्तरांच्या संगीतशाळेबद्दल मी सांगत होते. बी. आर. देवधर, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, 1925 साली इथे ऑपेरा हाउसजवळ शाळा काढली. जन्म मिरजेचा म्हटल्याबरोबर आमच्या पाहुण्याची कॉलर ताठ झाली. “विष्णु दिगंबरही आमच्याकडेच शिकले. बाळकृष्णबुवांकडे.” हे खरंच आहे. मिरजेच्या माणसाबरोबर संगीताबद्दल बोलताना हा कर भरावाच लागतो.

याच शाळेत बेळगावकडचा एक लहान मुलगा शिकायला आला. शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व. 1936 साली जीना हॉलमधल्या संगीत परिषदेत तो गायला आणि ऐकणारे जाणकार थक्क झाले. जीना हॉल काँग्रेस हाउसच्या आवारात, 1918 साली गव्हर्नर विलिंग्डनच्या विरोधात बॅ. जीनांच्या पुढाकाराने झालेल्या निदर्शनाची आठवण म्हणून लोकवर्गणीतून उभारलेला. देवधरांची शाळा ते हा हॉल हे अंतर मी पाहुण्यांना मुद्दाम चालायला लावते. मध्ये केनेडी ब्रिज. खालून पश्चिम रेल्वे, चर्चगेट फास्ट धडधडत जाते.

शिक्षिकाबाईंना राहवलं नाही. “ऐका, गाडीलाही कशी लय आहे!”

“लोक म्हणतात तसं,” तो म्हणाला. “मला तर नुसता खडखडाट वाटतो. रियाजाला बसलेल्या माणसाला हा त्रासच होत असणार.”

पुलाच्या पलीकडे माझ्या वॉकमधला सगळ्यात अवघड भाग आहे. काँग्रेस हाउसच्या परिसरात गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या. मुजरे इथे व्हायचे, त्यांना साथ करणारे सारंगिये-तबलजी आसपासच राहायचे, आणि आपल्या थोर थोर गवयांनी ज्या चिजा पुढे सभ्य दिवाणखान्यांत गायल्या, त्यातल्या कित्येक आधी या बायांच्या गळ्यात होत्या. अंजनीबाई मालपेकर कलावंतिणींच्या घरातल्या. भेंडीबाजार घराण्याच्या नजीर खाँसाहेबांच्या त्या शिष्या. 1958 साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. कुमार गंधर्व त्यांच्याकडेही शिकले. गिरगावातल्या पांढरपेशा संगीताचा इतिहास सांगताना ही बाजू लोक भरभर उरकतात. मी तिथे मुद्दाम वेळ घेते.

पण गट आत नेत नाही. तिथे आजही माणसं राहतात. वाळत घातलेल्या कपड्यांमधून कुणाच्या तरी खोलीत डोकावून ‘अच्छा, म्हणजे इथेच का!’ म्हणणारी टोळी नेणं माझ्याने होत नाही. काही गाइड नेतात. त्यांच्याशी माझं या विषयावर वाजलेलं आहे. त्या दिवशीही एका मुलीने आवाराच्या दिशेने मोबाइल उचलला. मी फक्त मान हलवली, तिने खाली केला. समजूतदार होती.

“मग ह्या बायका आता कुठे गातात?” तिने विचारलं.

माझ्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे: आश्रय गेला, सिनेमा आला, बार आले, बार बंद झाले. खरं आहे, पण वर्तमानपत्रासारखं आहे. त्या दिवशी ते सांगायच्या आत आम्ही मामांच्या दुकानासमोर पोचलो होतो.

दुकान म्हणजे एक गाळा. दोन माणसं बसली की भरला. भिंतीवर तबल्यांची खोडं, खुंटीला वाद्या, एका कोपऱ्यात सुरकुतलेल्या जुन्या पुड्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावरची चामडी. मामा तिथे तबले-डग्गे मढवतात. माझ्या गटाकडे त्यांचं आजवरचं धोरण साधं होतं, वर बघायचंच नाही. एकदा कुणी तरी हातोडी उचलून ‘सेल्फी’ घेतला, तेव्हापासून तर ‘बाई, हे दुकान आहे, म्युझियम नाही’ हे पालुपद. म्हणून मी समोरच्या फुटपाथवरून लांबूनच सांगायचे आणि पुढे सरकायचे.

त्या दिवशी मामा एका पुडीवर काळा दगड फिरवत होते. बारीक, कोरडा, घासल्याचा आवाज. आम्हा डोळसांना गर्दीत तो ऐकूही आला नव्हता. पाहुणा मात्र थांबला.

“शाई घोटताय का?”

दगड थांबला. मामांनी वर पाहिलं, काठी पाहिली. “हो. कितवा थर, सांगा बघू.”

“ऐकून नाही सांगता येणार. हात लावू द्या.”

फुटपाथ ओलांडून तो गाळ्याच्या पायरीवर बसला. मामांनी पुडी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने हाताचा तळवा बाजूलाच ठेवला, तर्जनीचं टोक तेवढं टेकवलं. आधी कडेची चाट, मग लव म्हणजे मधलं मोकळं चामडं, मग शाईचा काठ. लोखंडाचा कीस आणि खळ एकत्र करून ही शाई थरावर थर देत चढवतात, आणि प्रत्येक थर वाळता वाळता दगडाने घोटतात. घोटता घोटता तिला केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगा पाडायच्याच असतात, त्यांच्यामुळे चामडं मोकळं होतं आणि आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, टिकते. अखंड, गुळगुळीत शाईचा तबला ठोकळ्यासारखा बद्द वाजेल. हे सगळं मामा सांगत होते, म्हणजे माझ्या ओळखीत पहिल्यांदाच एवढं बोलत होते, आणि त्याचं बोट त्या भेगांवरून फिरत होतं.

“मध्ये अजून चढायचीय,” तो म्हणाला. “काठाला झालीय.”

“दोन थर राहिलेत,” मामा म्हणाले आणि आतून एक तयार तबला काढून त्याच्यासमोर ठेवला. “हा लावा.”

त्याने एक ‘ना’ मारला. कडेच्या विणलेल्या गजऱ्यावरून, वाद्यांमधली घरं बोटांनी मोजत फिरला, एका ठिकाणी थांबला, हातोडी मागितली. वरून दोन हलके ठोके, पुन्हा ‘ना’. समोरचं घर. वाद्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांना हात लावायची वेळच आली नाही. रस्त्यावरून टेंपो हॉर्न वाजवत गेला तेव्हा तो नुसता थांबून राहिला, गेल्यावर पुन्हा सुरू. आर्किटेक्चरच्या मुली कधी खाली उकिडव्या बसल्या मला कळलंही नाही.

“काळी चार,” तो म्हणाला, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. “तोंड लहान आहे. पाच इंची?”

“पाच.”

“बाईंच्या साथीचा.”

मामा हसले. मग त्यांनी भिंतीवरच्या खोडांकडे हात केला आणि लक्षात आल्यावर हात खाली घेऊन शब्दांत सांगितलं. बायकांचं गाणं काळी चार, काळी पाच. त्याला लहान तोंडाचं खोड लागतं. पुरुषाचं काळी एक-दोन, तिथे साडेपाच इंची. त्यांच्या वडिलांच्या वेळी गाळ्यात पाच इंचीच जास्त असायचे. गिऱ्हाईक पलीकडच्या आवारातलं. रात्रभर वाजलेला तबला सकाळी उतरून यायचा आणि संध्याकाळच्या आत परत लावून द्यायचा. उधारी चालायची आणि बुडायची नाही. “आता क्लासवाले येतात. पोरांना काळी एक पायजे. नाय तर भजनी मंडळं. पाच इंची कुणी तरी मागतं वर्षाकाठी, म्हणून ठेवतो.”

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती भिंतीकडे बघत होती. वरच्या फळीवर तीन लहान खोडं, त्यांवर धूळ, खाली मोठ्या तोंडाची रांग. मी इतके दिवस लांबून जी भिंत ‘पारंपरिक वाद्यांचं दुकान’ म्हणून दाखवत होते ती ही. या वस्तीत कोण राहत होतं आणि कोण निघून गेलं, ते इंचात मोजून तिथे लावलेलं होतं.

तिथे आमचा पाऊण तास गेला. वेळापत्रकाचे तीनतेरा. लक्ष्मीबागेतल्या मैफलींबद्दल चालता चालता सांगितलं. सँडहर्स्ट रोडला, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल रस्त्याला, विष्णु दिगंबरांच्या विद्यालयाची गोष्ट सांगितली. 1901 साली लाहोरला काढलेलं गांधर्व महाविद्यालय त्यांनी 1908 साली मुंबईत आणलं, पुढे इथे स्वतःची इमारत बांधली आणि कर्जापायी ती गमावली. एरवी या थांब्यावर पाहुणे चुळबुळतात, कारण बघायला काहीच नाही. त्या दिवशी मिरजेकर म्हणाला, “माझ्या विशारदच्या सर्टिफिकेटवर गांधर्व महाविद्यालय मंडळच आहे की.” हे मंडळ विष्णु दिगंबरांच्या शिष्यांनी त्यांच्या निधनानंतर, 1931 साली स्थापन केलेलं. त्यावर शिक्षिकाबाईंनी आपल्या नातीची प्रवेशिका पूर्णची परीक्षा काढली, पुण्याच्या काकूंनी स्वतःची मध्यमा, आणि गेलेल्या इमारतीसमोर परीक्षकांच्या खाष्टपणावर भर रस्त्यात परिसंवाद झाला. घरात गाणारं कोण, तेही कळलं.

शेवटी मिसळ खाताना मी त्याला विचारलं, वॉकमध्ये काय बदलू?

“बोलता छान,” तो म्हणाला, “पण ‘इथे होतं’ म्हणून लगेच पुढे जाता. जरा थांबत जा. आवाज काय येतो ते तरी कळेल.” मग थोड्या वेळाने, “आणि पैसे थोडे जास्त घ्या. मामांना द्या.”

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेले. त्यांनी अटी सांगितल्या. सहाच्या वर माणसं नकोत, फोटो विचारून, हातोडीला हात नाही, आणि काम चालू असेल तर मध्ये बोलायचं नाही. मानधनावर घासाघीस झाली. गणपतीच्या आधीचा महिनाभर गट आणायचाच नाही, तेव्हा भजनवाल्यांची गर्दी असते, हेही ठरलं. लक्ष्मीबागेचा थांबा मी त्यासाठी लहान केला. आता मामा दिवाळीपासून रक्कम वाढवून मागताहेत. पाहुणे निम्मे त्यांच्यासाठीच येतात हे त्यांना कळलेलं आहे, त्यामुळे द्यावी लागेल.